अ‍ॅस्ट्रोसॅटचं ऑब्झर्व्हेशन: टार्गेट ठरवण्यापासून साफ डेटापर्यंत, पायरी-पायरीने

अ‍ॅस्ट्रोसॅटचा डेटा पहिल्यांदा उघडून लाइट कर्व्ह (वेळेनुसार तेज कसं बदललं त्याचा आलेख) काढला की जवळजवळ प्रत्येकजण हेच विचारतो, मधेमधे एवढी भोकं कसली, डेटा हरवला का? हरवलेला नसतो. अ‍ॅस्ट्रोसॅट ही इस्रोची पृथ्वीभोवती फिरणारी, एक्स-रे आणि अतिनील बघणारी दुर्बीण, तिला तेवढा वेळ तो सोर्स (बघायची खगोलीय वस्तू) दिसतच नव्हता, किंवा दिसत होता पण डिटेक्टर मुद्दाम बंद ठेवला होता. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली नाही की पुढचं सगळं चुकत जातं, वेळ कमी मागितला जातो, भलत्याच महिन्यात टार्गेट टाकलं जातं, आणि शेवटी पृथ्वीच्या आडोशाला सोर्सचा गुणधर्म समजून लोक पेपर लिहायला बसतात. मी बरीच वर्षं एम.एस्सी. आणि पीएच.डी.च्या मुलांबरोबर हा डेटा साफ करत बसतोय आणि चुका त्याच त्याच होतात, म्हणून हा क्रम लिहून काढला. ज्यांना प्रपोजल (दुर्बिणीचा वेळ मागणारा अर्ज) टाकायचंय त्यांनी पहिल्यापासून वाचा. ज्यांना फक्त जुना डेटा उतरवून वापरायचाय त्यांनी पण पायरी १ आणि ४ सोडू नका, कारण डेटातली निम्मी कोडी तिथेच सुटतात.

## १. आधी दुर्बिणीचं वेळापत्रक कागदावर मांडा

अ‍ॅस्ट्रोसॅट जमिनीपासून साधारण ६५० किलोमीटरवर, विषुववृत्ताशी फक्त ६ अंशांचा कोन करून फिरतो. एक फेरी ९८ मिनिटांच्या आसपास, म्हणजे दिवसाला १४-१५ फेऱ्या. तुमचं ऑब्झर्व्हेशन तासांत मोजू नका, फेऱ्यांत मोजा. एका फेरीची एक आडवी पट्टी कागदावर काढा आणि तिच्यातून एकेक तुकडा कापत जा.

पहिला तुकडा पृथ्वीचा. एवढ्या कमी उंचीवरून पृथ्वी प्रचंड मोठी दिसते, जवळजवळ १३० अंश आकाश ती व्यापते. टार्गेट कक्षेच्या पातळीजवळ असेल तर ९८ पैकी ३५ मिनिटांपर्यंत ते पृथ्वीमागे जातं, आणि पृथ्वीच्या कडेला चिकटून मिळालेली आधीची-नंतरची काही मिनिटं पण वापरता येत नाहीत. उलट टार्गेट खगोलीय ध्रुवांकडे सरकत जाईल तसा हा तुकडा लहान होतो. मोठा मॅगेलॅनिक मेघ उणे ६९ अंशांवर आहे, तिथलं टार्गेट पृथ्वीमागे फार कमी वेळ जातं किंवा अजिबातच जात नाही. म्हणून दोन वेगवेगळ्या टार्गेटना एकच हिशोब लावू नका.

दुसरा तुकडा दक्षिण अटलांटिकवरचा, ज्याला सगळेच एसएए (साउथ अटलांटिक अ‍ॅनोमली) म्हणतात. तिथे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कमजोर आहे, त्यामुळे विद्युतभारित कण खूप खालपर्यंत उतरतात. कक्षेचा कल फक्त ६ अंश ठेवल्यामुळे अ‍ॅस्ट्रोसॅट या भागाच्या उत्तरेकडच्या बाजूने जातो, काही फेऱ्यांत जरा आतून, काही फेऱ्यांत नुसता चाटून. उपग्रहावर कण मोजणारा चार्ज्ड पार्टिकल मॉनिटर आहे, या भागात लॅक्सपीसी आणि सीझेडटीआय या एक्स-रे मोजणाऱ्या यंत्रांचं हाय व्होल्टेज खाली आणलं जातं आणि बाहेर पडल्यावर परत चढवलं जातं.

तिसरा तुकडा फक्त यूव्हीआयटीवाल्यांसाठी, आणि हाच सगळ्यात जास्त विसरला जातो. यूव्हीआयटी ही अतिनील दुर्बीण फक्त फेरीच्या रात्रीत चालते. पृथ्वीच्या सावलीतला काळ एका फेरीत ३३ ते ३५ मिनिटांचा, त्यात व्होल्टेज चढवणं-उतरवणं आलं, आणि वर नेमकं त्याच वेळेला टार्गेट पृथ्वीमागे नसायला हवं. हातात एका फेरीला दीड-दोन हजार सेकंद आले तर चांगलं म्हणायचं.

आता हिशोब करून बघा. सॉफ्ट एक्स-रे टेलिस्कोपवर म्हणजे एसएक्सटीवर तुम्हाला २० किलोसेकंद (२० हजार सेकंद) निव्वळ एक्सपोजर हवंय. सगळे तुकडे कापून फेरीचा ४० टक्के भाग उरतो असं धरा, म्हणजे घड्याळाचा वेळ ५० किलोसेकंद, म्हणजे साडेआठ फेऱ्या, जवळजवळ चौदा तास. तेवढ्याच चौदा तासांत यूव्हीआयटीला फेरीला १,५०० सेकंद धरले तर १२-१३ किलोसेकंद मिळतील. दोन्ही आकडे वेगळे लिहून ठेवा.

इशारा: फॉर्ममधला रकाना निव्वळ एक्सपोजर विचारतोय की घड्याळाचा वेळ, ते त्या वेळच्या हँडबुकात वाचल्याशिवाय आकडा भरू नका. मित्राच्या दोन वर्षांपूर्वीच्या प्रपोजलवरून उचलू तर अजिबात नका.

## २. टार्गेट वर्षात कधी मिळतं ते बघा

दुर्बिणीच्या तोंडाला सूर्यापासून लांब ठेवावं लागतं. यूव्हीआयटीची दारं उघडी राहून छत्रीसारखी सावली धरतात, पण सूर्य दुर्बिणीच्या रोखापासून ४५ अंशांहून लांब असेल तरच. शिवाय उपग्रहाची एक बाजू गार राहावी लागते, तिथे उष्णता फेकणारे रेडिएटर आहेत, त्यामुळे नुसतं सूर्यापासूनचं अंतर मोजून काम भागत नाही, उपग्रह कसा वळलेला असेल ते पण लागतं. आणि ज्या दिशेने उपग्रह पळतोय त्या दिशेला थेट तोंड करता येत नाही, तिथून विरळ हवेतला अणुरूप ऑक्सिजन येऊन आरशांवर आदळतो आणि आरसे खराब होतात.

हे सगळं हाताने काढत बसू नका, त्यासाठी अ‍ॅस्ट्रोव्ह्यूअर आहे, त्यात कोऑर्डिनेट आणि तारखा टाकल्या की कोणत्या दिवशी टार्गेट मिळेल ते दिसतं. पण टूल उघडायच्या आधी अंदाज करायची सवय लावा. उदाहरणार्थ क्रॅब नेब्युला वृषभ राशीत आहे, सूर्य जूनच्या मध्याला तिथेच असतो, तर साधारण मेपासून जुलैच्या शेवटापर्यंत क्रॅब मिळणार नाही हे कॅलेंडर बघूनच कळतं. टूलने जूनमध्ये क्रॅब दिसतो असं सांगितलं तर तुम्ही कोऑर्डिनेट चुकीचे टाकलेत.

आणि कोऑर्डिनेट खरंच चुकतात. विषुवांश तासांत आहे की अंशांत, यात गडबड झाली की थेट १५ पटींचा फरक पडतो. क्रांती शून्य ते उणे एक अंशाच्या मधे असेल तर शून्याच्या आधीचं उणे चिन्ह कॉपी-पेस्ट करताना गळून पडतं. आणि जुन्या कॅटलॉगमधून १९५० सालचे कोऑर्डिनेट उचलून २००० सालचे म्हणून टाकणारे अजून भेटतात.

तपासा: फॉर्ममध्ये भरलेले कोऑर्डिनेट तिथूनच कॉपी करून सिंबॅडमध्ये (खगोलीय वस्तूंची ऑनलाइन यादी) टाका. तुमचाच सोर्स आला पाहिजे. उलट दिशेने तपासलं तरच चूक सापडते, स्वतःच्या वहीतून परत वाचून सापडत नाही.

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीबरोबर एकाच वेळी बघायचं असेल तर आणखी एक जुळवाजुळव. जीएमआरटीला साधारण उणे ५३ अंशांच्या खालचं आकाश दिसत नाही आणि सोर्स रोज ठरावीक तासच वर असतो. अ‍ॅस्ट्रोसॅटच्या तारखा हातात आल्यावर मग जीएमआरटीचे तास मागू म्हटलंत तर उशीर होतो, दोन्हीकडच्या खिडक्या आधीच एका कागदावर एकाखाली एक मांडा.

## ३. मुख्य यंत्र एकच ठरवा, मग बाकीची तपासणी

चार यंत्रं एकाच दिशेला बघतात. यूव्हीआयटी, एसएक्सटी, लॅक्सपीसी आणि सीझेडटीआय. म्हणून लोक चारही तितकीच महत्त्वाची असं लिहितात आणि तिथे फसतात, कारण यंत्रांच्या मध्यरेषा तंतोतंत एक नाहीत, काही आर्कमिनिटांचा फरक आहे, आणि ज्याला तुम्ही मुख्य म्हणाल त्याच्या मध्यावर टार्गेट आणलं जातं. तुमचा वैज्ञानिक प्रश्न ज्या यंत्राशिवाय सुटत नाही ते मुख्य. बाकीचं मिळेल ते जास्तीचं.

यंत्रांची आजची स्थिती पण नीट माहीत हवी. यूव्हीआयटीचा निअर-यूव्ही चॅनल मार्च २०१८ पासून बंद आहे, त्यामुळे २०० ते ३०० नॅनोमीटरमधले फिल्टर आता मागता येत नाहीत, फार-यूव्ही म्हणजे १३० ते १८० नॅनोमीटर चालू. लॅक्सपीसीच्या तीन युनिटांना १०, २० आणि ३० अशी नावं आहेत, त्यातलं ३० नंबरचं वायू गळतीमुळे मार्च २०१८ मध्ये बंद केलं, १० नंबरचा गेन (फोटॉनच्या ऊर्जेला किती मोठा सिग्नल मिळतो ते प्रमाण) बिघडला, आणि बहुतेक लोक आता फक्त २० नंबर वापरतात. तरी तीन युनिटांचं मिळून ८,००० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ धरून केलेली सिम्युलेशन मी आजही बघतो. सिग्नल त्यात मस्त दिसतो आणि प्रत्यक्ष डेटात कुठेच नसतो.

आता यूव्हीआयटीची ब्राइट सोर्स तपासणी, इथे जरा थांबा. हे डिटेक्टर एकेक फोटॉन मोजणारे आहेत, फील्डमध्ये जास्त तेजस्वी तारा आला तर डिटेक्टरचं नुकसान होऊ शकतं, म्हणून तसं दिसलं की यंत्र स्वतःला वाचवायला बंद होतं आणि तुमचं ऑब्झर्व्हेशन गेलं. फील्ड २८ आर्कमिनिट व्यासाचं गोल आहे, जवळजवळ पूर्णचंद्राएवढं. टार्गेट फिकट आहे म्हणून निश्चिंत राहायचं नाही, त्या वर्तुळातला प्रत्येक तारा बघायचा आणि मध्य थोडा इकडेतिकडे सरकेल हे धरून जरा बाहेरचे पण बघायचे.

यात दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं म्हणजे साध्या प्रकाशातलं तेज बघून ठरवणं. श्वेतबटू किंवा गरम निळे तारे साध्या फोटोत अगदी फिकट दिसतात आणि अतिनीलमध्ये झगझगतात. दुसरं जास्त घातक आहे. लोक गॅलेक्स या जुन्या अतिनील दुर्बिणीच्या कॅटलॉगमध्ये बघतात, तिथे काही सापडत नाही, आणि फील्ड सुरक्षित आहे असं लिहून टाकतात. गॅलेक्सने आकाशगंगेच्या पट्ट्यातला बराच भाग तेजस्वी ताऱ्यांच्या भीतीनेच टाळला होता! म्हणजे तिथे नोंद नसण्याचं कारणच बहुतेकदा तेजस्वी तारे हे आहे. तिथे टायको किंवा गाया या ताऱ्यांच्या कॅटलॉगमधून ताऱ्याचा रंग आणि तेज घेऊन अतिनीलचा अंदाज करावा लागतो, आणि प्रपोजलसाठी जे ब्राइट सोर्स वॉर्निंग टूल दिलंय त्याचा निकाल जोडावा लागतो.

लॅक्सपीसीची अडचण वेगळी. ती फोटो काढत नाही, एक अंश बाय एक अंश खिडकीतून जे काही एक्स-रे येतील ते सगळे एकत्र मोजते. शेजारी दुसरा तेजस्वी एक्स-रे सोर्स असेल तर त्याचे काउंट तुमच्या सोर्सच्या खात्यात जमा होतात आणि नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने ते वेगळे होत नाहीत. आकाशगंगेच्या केंद्राकडे तर ही रोजचीच डोकेदुखी.

तपासा: टार्गेटभोवती दोन अंशांच्या वर्तुळात कोणते एक्स-रे सोर्स आहेत त्याची यादी काढा. त्यात एखादा बदलता सोर्स असेल तर त्याचं सगळ्यात जास्त तेज धरा, आजचं नाही.

एसएक्सटीसाठी मोड ठरवायचा असतो. नेहमीच्या फोटॉन काउंटिंग मोडमध्ये एक फ्रेम साधारण २.४ सेकंदांची, फास्ट विंडो मोडमध्ये ०.२८ सेकंदाची. सोर्स फार तेजस्वी असेल तर एका फ्रेममध्ये दोन फोटॉन एकाच जागी पडून एकच मोठा फोटॉन असल्यासारखे नोंदले जातात, स्पेक्ट्रम वाकडा येतो. तेव्हा मोडचा विचार प्रपोजलमध्येच करा.

## ४. ऑब्झर्व्हेशन चालू असताना वर काय काय चालतं

ही पायरी तुम्ही करायची नाही, बेंगळुरूला बसलेली माणसं करतात. पण याच्या खुणा तुमच्या डेटात उमटतात म्हणून नीट वाचा.

मंजूर झालेल्या टार्गेटचा क्रम लावून आज्ञा आधीच तयार केल्या जातात आणि वर पाठवल्या जातात. इस्रोच्या इस्ट्रॅक या नियंत्रण केंद्राचे लोक उपग्रह दिसायला लागला की तापमानं, व्होल्टेज, करंट, बॅटरी बघतात. वैज्ञानिक डेटा उपग्रहावरच्या मेमरीत साठतो आणि बेंगळुरूजवळच्या ब्यालालूच्या अँटेनावरून जाताना खाली उतरवला जातो. तिथून आयएसएसडीसी या इस्रोच्या डेटा केंद्रात लेव्हल-१ (अजून साफ न केलेला) डेटा तयार होतो, आणि तो ज्या त्या यंत्राच्या केंद्राकडे जातो, एसएक्सटी आणि लॅक्सपीसीचं मुंबईला टीआयएफआरमध्ये, सीझेडटीआयचं पुण्यात आयुकात, यूव्हीआयटीचं बेंगळुरूला आयआयएमध्ये.

उपग्रह रोखून धरायला आत फिरणारी चाकं आहेत. बाहेरून सतत हलका धक्का बसत राहतो आणि त्यामुळे चाकांचा वेग साचत जातो, तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आधार घेऊन चुंबकीय टॉर्करने कमी करतात. तरी दुर्बीण अगदी खिळ्यासारखी स्थिर राहत नाही, हळूहळू सरकत असते. म्हणून यूव्हीआयटीचा व्हिजिबल चॅनल विज्ञानासाठी नाही तर मागोवा ठेवायला वापरतात, त्यातल्या ताऱ्यांच्या जागा बघून अतिनीलच्या प्रत्येक फोटॉनची जागा नंतर दुरुस्त करायची.

आता यंत्रांची देखभाल. लॅक्सपीसीत झेनॉन वायू भरलेला आहे, वायूचा दाब बदलला की तेवढ्याच ऊर्जेच्या फोटॉनला वेगळा सिग्नल मिळतो, म्हणजे गेन सरकतो. झेनॉनची स्वतःची ३० केईव्हीच्या (किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट, ऊर्जेचं माप) आसपासची खूण बघून गेन किती सरकला ते कळतं आणि गरजेप्रमाणे हाय व्होल्टेज बदललं जातं. एसएक्सटीचा सीसीडी उणे ८० अंशांच्या आसपास गार ठेवलेला असतो आणि त्याच्या चार कोपऱ्यांत लोह-५५चे छोटे किरणोत्सारी स्रोत कायम ५.९ केईव्हीचे फोटॉन टाकत असतात, कॅलिब्रेशनसाठी. पण लोह-५५चं अर्धायुष्य पावणेतीन वर्षांच्या आसपास, आणि अ‍ॅस्ट्रोसॅट वर गेला २८ सप्टेंबर २०१५ ला, म्हणजे दहा वर्षांत ते साधारण बाराव्या हिश्श्यावर आले. म्हणून आकाशातल्या ओळखीच्या सोर्सवर जास्त भिस्त ठेवावी लागते. सीझेडटीआयमध्ये ६४ मॉड्यूल आणि प्रत्येकात २५६ पिक्सेल, म्हणजे १६,३८४ पिक्सेल, त्यातला एखादा कायम बडबड करायला लागला की त्याला आज्ञा पाठवून गप्प करतात, नाहीतर सगळी मेमरी तोच खातो. यूव्हीआयटी अधूनमधून एनजीसी १८८ या तारकागुच्छाकडे वळवतात, त्याच त्याच ताऱ्यांचं तेज मोजलं की यंत्राची संवेदनशीलता घटली का ते समजतं.

या सगळ्याचा तुमच्याशी संबंध एवढाच, की २०१६ च्या आणि २०२३ च्या डेटाला एकच रिस्पॉन्स फाइल (यंत्र कोणत्या ऊर्जेला किती प्रतिसाद देतं ते सांगणारी), एकच गेन, एकच खराब पिक्सेलची यादी लावायची नाही. ऑब्झर्व्हेशनची तारीख कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि त्या तारखेला लागू असणारं कॅलिब्रेशन घ्या.

## ५. डेटा उतरवा आणि हात लावायच्या आधी आवरून ठेवा

सार्वजनिक डेटा अ‍ॅस्ट्रोब्राउझवर मिळतो, नोंदणी करून. २०१८ च्या सप्टेंबरपासून तो सगळ्यांना खुला आहे, ठरावीक राखीव काळ संपला की. सोर्सच्या नावाने शोधलंत तर सगळं मिळेलच असं नाही, कारण नाव ज्याने त्याने आपल्या मर्जीने लिहिलेलं असतं, कुणी जागा सोडतो कुणी नाही. कोऑर्डिनेटने शोधा.

प्रत्येक ऑब्झर्व्हेशनच्या आयडीत आधी एक अक्षर असतं, जी म्हणजे गॅरंटीड टाइम, ए म्हणजे नेहमीचं प्रपोजल, टी म्हणजे अचानक उद्भवलेल्या घटनेसाठीचं, सी म्हणजे कॅलिब्रेशन. शेवटी ९००० ने सुरू होणारा दहा आकडी नंबर. हा नंबर वहीत लिहा, मेलमध्ये लिहा, फोल्डरला द्या.

फोल्डरची रचना मोडू नका आणि फायलींची नावं बदलू नका, पाइपलाइन, म्हणजे डेटा साफ करणारे प्रोग्रॅम, नावं वाचूनच चालतात. मूळ झिप वेगळ्या जागी जशीच्या तशी ठेवा. आणि झिप अर्धवट उतरली नाही ना ते उघडून बघा, कारण अर्धवट उतरलेली झिप कधीकधी निमूट उघडते आणि शेवटच्या तीन फेऱ्या नसतात.

तपासा: यादीत दाखवलेलं एक्सपोजर आणि तुमच्या सगळ्या फेऱ्यांची बेरीज जुळते का. बेरीज जास्त आली तरी घाबरू नका, त्याचं कारण पुढच्याच पायरीत आहे.

## ६. साफसफाई, यंत्रागणिक

एसएक्सटी: डेटा फेरी-फेरीने येतो आणि एका फेरीच्या फायलीत पुढच्या-मागच्या फेरीचे काही फोटॉन परत असतात. सरळ जोडलंत तर तेच फोटॉन दोनदा मोजले जातात. म्हणून इव्हेंट मर्जर वापरूनच जोडायचं, ते दुबार नोंदी काढून टाकतं. मग सोर्सभोवती साधारण १५ आर्कमिनिट त्रिज्येचं वर्तुळ घ्या. नवख्यांना हे भलतंच मोठं वाटतं, नासाच्या 'चंद्रा' या एक्स-रे दुर्बिणीच्या सवयीने ते दोन-तीन आर्कमिनिटांचं घेतात आणि निम्मे फोटॉन बाहेर ठेवतात. या दुर्बिणीत सोर्स पसरट येतो, त्याचे पंख लांबवर जातात. त्याच कारणाने त्याच फोटोच्या कोपऱ्यातून बॅकग्राउंड घ्यायचं नाही, तिथे पण तुमचाच सोर्स असतो. यंत्राच्या टीमने रिकाम्या आकाशावरून बनवलेली बॅकग्राउंड फाइल वापरा. फिट करताना गेनचा उतार १ ला बांधून ऑफसेट थोडा मोकळा सोडतात, तो २०-४० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास यावा. २०० आला तर मॉडेलमध्ये गडबड आहे, गेनमध्ये नाही.

लॅक्सपीसी: फिकट सोर्स असेल तर इथे बॅकग्राउंडच राजा आहे. सोर्सच्या काउंटपेक्षा बॅकग्राउंडच्या अंदाजातली चूक मोठी असू शकते, म्हणून फक्त वरचा थर घेऊन, साधारण २० केईव्हीपर्यंतच थांबलेलं बरं. ८० केईव्हीपर्यंत यंत्र मोजतं म्हणून ८० पर्यंत फिट करायचं असं काही नाही. तेजस्वी सोर्सला उलट डेड टाइम बघा, प्रत्येक नोंदीनंतर सुमारे ४२ मायक्रोसेकंद यंत्र आंधळं असतं.

सीझेडटीआय: चार क्वाड्रंट वेगवेगळे साफ करा, एकत्र नाही. वैश्विक किरण आदळला की एकदम फोटॉनांचा पुंजका नोंदला जातो, तो काढणारं टूल आधी, मग चांगल्या वेळा निवडणं, मग बडबडे पिक्सेल काढणं. क्रम बदललात की पिक्सेलची यादी चुकीची निघते. पाइपलाइन संपली म्हणून लगेच पुढे जाऊ नका, डिटेक्टरचा काउंटचा नकाशा उघडा आणि डोळ्याने बघा. चांगला नकाशा खडबडीत कागदासारखा दिसतो, सगळीकडे साधारण सारखा. मधेच एखादा पांढरा ठिपका चमकत असेल, किंवा एका मॉड्यूलची अख्खी ओळ बाकीच्यांपेक्षा उजळ असेल, तर अजून साफ झालेलं नाही.

यूव्हीआयटी: बहुतेकांना आयआयएने तयार केलेला लेव्हल-२ (प्रक्रिया केलेला) डेटा पुरतो, पण तो तपासून घ्या. फोटो भरपूर मोठा करून एकटे असलेले चार-पाच तारे बघा, फील्डच्या मधले आणि कडेचे दोन्ही. गोल असतील, दीड आर्कसेकंदाच्या आसपास रुंद, तर झकास. सगळे तारे एकाच बाजूला ताणलेले, भाताच्या शितासारखे दिसत असतील तर सरकण्याची दुरुस्ती फसली आहे. एकेका फेरीचा फोटो वेगळा उघडा, बहुतेकदा एखाद-दुसरीच फेरी खराब असते, ती काढून टाका आणि एक्सपोजरमधून तिचे सेकंद वजा करायला विसरू नका. तेजस्वी ताऱ्याचं मोजमाप करताना सॅचुरेशनची दुरुस्ती लावायची, एका फ्रेममध्ये एकाच जागी दोन फोटॉन पडले तर एकच मोजला जातो, आणि फ्रेम सेकंदाला २९ च्या आसपासच आहेत.

## ७. वेळेचा अभ्यास करायच्या आधी

एक मुलगी एकदा पॉवर स्पेक्ट्रम (कोणत्या कालावधीचा ताल डेटात किती जोरात आहे त्याचा आलेख) घेऊन आली, ५,८६० सेकंदांवर सुरेख टोकदार शिखर, आणि त्याच्या निम्म्यावर, तिसऱ्या हिश्श्यावर लहान लहान शिखरं. महिनाभर तिने त्यावर काम केलं होतं. मी तिला फक्त ५,८६० ला ६० ने भागायला सांगितलं. ९७ मिनिटं आणि वर काहीतरी. दुर्बिणीची फेरी. भोकांचा नियमित ताल पॉवर स्पेक्ट्रममध्ये उतरला होता, सोर्सचा त्यात काही संबंध नव्हता. तिने मग खऱ्या लाइट कर्व्हइतकीच भोकं ठेवून मधे सपाट काउंट भरले, त्याचा पॉवर स्पेक्ट्रम काढला, आणि तंतोतंत तीच शिखरं आली. ही चाचणी प्रत्येकाने करायची, अर्धा तास लागतो.

५,८६० सेकंद, त्याचे पूर्ण भाग, आणि एक दिवस, या आकड्यांच्या आसपास काहीही सापडलं तर आधी दुर्बिणीवर संशय घ्या. एक दिवस अशासाठी, की एसएएमधून जाण्याचा ताल रोज साधारण तसाच परत येतो.

अ‍ॅस्ट्रोसॅटचं घड्याळ १ जानेवारी २०१० पासूनचे सेकंद मोजतं. दुसऱ्या दुर्बिणीचा लाइट कर्व्ह शेजारी ठेवायचा असेल तर दोन्ही घड्याळांची सुरुवात कुठून ते हेडरमध्ये बघा. पल्सरचं काम असेल तर बॅरिसेंटर दुरुस्ती (फोटॉनच्या वेळा सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्रावरच्या वेळांत बदलणं) करा, पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून फोटॉनच्या येण्याच्या वेळेत वर्षभरात ८ मिनिटांपर्यंत पुढे-मागे फरक पडतो. त्यासाठी ऑर्बिट फाइल लागते, ती तुमच्याच तारखेची आणि ऑब्झर्व्हेशनच्या दोन्ही टोकांना पुरणारी घ्या. आणि दुरुस्ती एकदाच. दुरुस्त केलेल्या फाइलला नावातच तसं लिहा, कारण दोनदा दुरुस्ती केलेला डेटा बाहेरून अगदी बरोबर दिसतो.

तपासा: तुमच्या सगळ्या टूलची साखळी क्रॅबच्या एका सार्वजनिक ऑब्झर्व्हेशनवर चालवा. क्रॅबच्या पल्सरचा ठोका साधारण ३३ मिलिसेकंदांचा, लॅक्सपीसीत तो सहज मिळायला हवा, दोन शिखरांचा. क्रॅबवर नाही मिळाला तर तुमच्या सोर्सवर मिळालेल्यावर विश्वास ठेवू नका.

एवढं करूनही अडलं तर यंत्राच्या केंद्राला किंवा आयुकातल्या अ‍ॅस्ट्रोसॅट सपोर्ट सेलला मेल करा, लोक मनापासून उत्तर देतात. फक्त "डेटा चालत नाहीये" एवढंच लिहू नका. ऑब्झर्व्हेशनचा दहा आकडी नंबर, यंत्र आणि मोड, कोणत्या फेऱ्या, सॉफ्टवेअर आणि कॅलिब्रेशनची आवृत्ती, दिलेली आज्ञा जशीच्या तशी, आणि स्क्रीनवर आलेला पूर्ण मजकूर, फोटो काढून नाही तर टाइप स्वरूपात. आणि मेल पाठवायच्या आधी त्याच आज्ञा नव्या रिकाम्या फोल्डरमध्ये, मूळ झिपपासून, एकदा परत चालवून बघा.